शांत म्हणून शाबासकी, गप्प म्हणून शून्य : पुण्यातल्या शाळाचालकांना एका आजोबाचं खुलं पत्र

प्रति,
पुण्यातील शाळांचे संस्थाचालक, मुख्याध्यापक आणि माझे शिक्षक बंधू-भगिनी यांस,

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, जूनमध्ये शाळा उघडली त्याच आठवड्यात माझ्या नातीच्या दप्तरातून एक परिपत्रक घरी आलं. यंदापासून पाचवी ते नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सत्रातून तीनदा, परिपाठाच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर माइकवरून दोन मिनिटं बोलायचं. भाषा विषयांच्या तोंडीकामाचे गुण त्यावरच मिळणार. आणि शेवटी जाड अक्षरात एक ओळ, की कोणत्याही कारणास्तव कोणालाही सूट मिळणार नाही.

हेतू वाईट नाही. मुलं सभाधीट व्हावीत असं कुठल्या शिक्षकाला वाटत नाही? मी स्वतः ३४ वर्षं मराठी शिकवली. वक्तृत्व स्पर्धांना मुलं तयार केली, ढालींच्या कपाटाची किल्ली माझ्याच खिशात असे. तेव्हा परिपत्रक लिहिणाऱ्याचं मन मला कळतं. त्या शेवटच्या ओळीने मात्र माझी झोप गेली आहे.

शाळेचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की भांडण एका शाळेपुरतं उरतं आणि बाकीचे ‘आमच्याकडे नाही बुवा असं’ म्हणून मोकळे होतात. जुन्या सहकाऱ्यांना फोन केले तेव्हा कळलं, थोड्याफार फरकाने पुष्कळ ठिकाणी हेच चाललं आहे. नातीचंही नाव लिहीत नाही. घरी आम्ही तिला मनी म्हणतो, कारण पाहुणे आले की ती पलंगाखाली शिरायची. आता सातवीत आहे. पलंगाखाली मावत नाही, म्हणून गच्चीत जाते.

घरात तिच्या तोंडाला खळ नसतो. कात्रजहून स्वारगेटला येणाऱ्या बसचे थांबे ती कंडक्टरच्या आवाजात म्हणून दाखवते: कात्रज, बालाजीनगर, पद्मावती, लक्ष्मीनारायण, स्वारगेट, आणि मध्ये ‘पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे का’ हेही. आजीच्या मैत्रिणींच्या नकला करते. मला शुद्धलेखनाच्या चुका दाखवते आणि त्या बरोबर असतात. तीच मुलगी शाळेच्या फाटकातून आत गेली की दुपारपर्यंत एक शब्द बोलत नाही. तहान लागली तरी विचारत नाही, म्हणून पाणी पीत नाही. हे नाटक नव्हे, हट्टही नव्हे. याला कारण आहे, आणि ते तिच्या पेशीपेशीत लिहिलेलं आहे.

मनीला फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम आहे. फ्रॅजाइल म्हणजे ठिसूळ. १९६९ मध्ये प्रयोगशाळेत काही रुग्णांच्या एक्स गुणसूत्राचं टोक तुटायला आल्यासारखं दिसलं, त्यावरून पुढे हे नाव पडलं. मला ते आवडत नाही. ठिसूळ कौल असतं, नख असतं. पण नाव ठेवणाऱ्यांनी मराठीच्या मास्तराला विचारलं नव्हतं.

आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलं नसेल, म्हणून वर्गात सांगायचो तसं सांगतो. त्या एक्स गुणसूत्रावर एक जनुक आहे. त्याच्या सुरुवातीला तीन अक्षरांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो ४५ पेक्षा कमी वेळा येतो. ५५ ते २०० वेळा आला तर तो माणूस वाहक. २०० च्या पुढे गेला की पेशी ते जनुक बहुधा बंदच करून टाकते, आणि मेंदूतल्या जोडण्या नीट घडण्यासाठी लागणारं एक प्रथिन तयार होत नाही. आम्ही मास्तर लोक पूर्वी शिक्षा द्यायचो ना, ‘हे वाक्य शंभर वेळा लिहून आण’? तसंच काहीसं. माझ्या रक्तात तो तुकडा ८४ वेळा लिहिलेला निघाला. माझ्या धाकट्या मुलीत, म्हणजे मनीच्या आईत, ९७ वेळा. मनीत २०० च्या वर. आईकडून मुलाकडे जाताना तो असा एकदम वाढू शकतो.

हे उलगडलं तेही मनीमुळे नाही. माझी थोरली मुलगी सांगलीला असते. तिचा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलेना, हात फडफडवायचा, एका जागी ठरायचा नाही. तिथल्या डॉक्टरांनी रक्ताची जनुकीय तपासणी करायला लावली आणि निदान झालं. मग एका कागदावर त्यांनी आमचं सगळं घराणं काढलं, बाईला गोल, पुरुषाला चौकोन. बोट मागे मागे नेत ते एका चौकोनापाशी थांबले. तो मी. बापाकडून हे त्याच्या सगळ्या मुलींना जातं आणि मुलग्यांपैकी एकालाही जात नाही. माझ्या दोन्ही मुलींना गेलं, मुलाला गेलं नाही. वाटणीत मुलींना झुकतं माप देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

माझा उजवा हात कपाकडे नेला की थरथरतो आणि चालताना तोल जातो. मी त्याला वय म्हणत होतो. काही वाहक पुरुषांना पन्नाशीनंतर असं होतं, हे २००१ पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे, मला गेल्या तीन-चार वर्षांत कळलं. म्हणून हे पत्र मी सांगतो आहे आणि मनीची आई टाइप करते आहे. काही ठिकाणी ती थांबते आहे. तिथे मीही थांबतो.

आता मुद्द्यावर येतो. सांगलीचा नातू ज्या वयात सापडला, त्या वयात मनी का सापडली नाही? कारण तो मुलगा आहे. त्याच्याकडे एकच एक्स, त्यामुळे त्याचा त्रास उघड दिसतो, साऱ्या वर्गाला होतो. मुलीकडे दोन एक्स. प्रत्येक पेशीत त्यातला एक झाकलेला असतो, कुठे हा, कुठे तो. चांगला एक्स किती पेशींत उघडा राहिला यावर बरंच अवलंबून. म्हणून काही मुलींना बौद्धिक अक्षमता असते, तर काही पदवीपर्यंत जातात आणि त्यांना फक्त गणित छळतं, आणि माणसं छळतात. माणसांची भीती हे या मुलींमधलं अगदी नेहमीचं लक्षण आहे. नजर चुकवणं, अनोळखी माणसापुढे मान वळवणं, हात पुढे करताना तोंड दुसरीकडे नेणं, घरी बोलणं आणि बाहेर वाचा बसणं. मोठा आवाज, गर्दी, अचानक बदललेलं वेळापत्रक यांनी हे सगळं वाढतं.

आणि हे सगळं मुलीच्या बाबतीत आपल्याकडे काय म्हणून खपतं? संस्कार म्हणून. मान वर करून बघत नाही, किती गुणी! उलट उत्तर देत नाही, किती समंजस! आमच्या आजीच्या काळी डोळ्याला डोळा भिडवून बोलणाऱ्या मुलीला आगाऊ म्हणत. आता भिडवला नाही तर आत्मविश्वास नाही म्हणतात. मुलगी तीच, आपल्या फॅशनी बदलतात.

मनीची प्रगतिपत्रकं मी समोर ठेवली आहेत. तिसरीतली वर्णनात्मक नोंद: ‘शांत, शिस्तप्रिय, समंजस.’ चौथी, पाचवीतही तेच, फक्त अक्षर वेगळं. सहावीच्या वार्षिक पत्रकात: ‘मुद्दाम बोलत नाही. मोठ्यांचा आदर ठेवत नाही.’ आणि मराठीच्या तोंडीकामात शून्य. माझ्या नोकरीत मी तोंडीकामाला कोणालाही शून्य दिलेलं नाही. मूल वर्गात आलं, समोर उभं राहिलं, याचे तरी दोन असतातच की.

पाचवी ते सहावी या वर्षात घडलं काय, तर ३ जानेवारी. सावित्रीबाईंची जयंती. दरवर्षीप्रमाणे मुलींनी नऊवारी नेसून, आडवी चिरी लावून, मंचावर येऊन ‘मी सावित्री बोलतेय’ म्हणायचं. मनीच्या वाट्याला चार वाक्यं होती. तिने ती आठ दिवस आधी पाठ केली. आदल्या रात्री स्वयंपाकघरात मला आणि आजीला म्हणून दाखवली, ‘१८४८ साली भिडेवाड्यात’ हे म्हणताना हात बुधवार पेठेच्या दिशेने केला. मला खरोखर वाटलं, जमेल.

मंचावर माइकने एक कर्कश शिट्टी मारली, तशी ती माइकपासून एक पाऊल मागे सरकली. मग मान खांद्याकडे वळली, पदराचं टोक दातात गेलं आणि ती हसू लागली. त्या हसण्याला मी ओळखतो. भीती फार झाली की तिला तसं हसू फुटतं, ओठ हसतात आणि डोळे भिजलेले असतात. शेजारी उभ्या बाईंना फक्त ओठ दिसले. ‘हसतेस काय? बोल. बोलल्याशिवाय इथून हलायचं नाही.’ हे माइकवरून. मुलं म्हणतात ती दहा मिनिटं तशी उभी होती. मुलं वाढवून सांगतात, मी पाच धरतो. खाली सातशे मुलं बसलेली. मध्येच मागून कोणीतरी ‘मी सावित्री बोलत नाहीये’ असं ओरडलं आणि सगळे हसले. ज्या बाईने मुलींच्या तोंडी अक्षर यावं म्हणून शेणाचे गोळे झेलले, तिच्या जयंतीला हे झालं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेसहाला पोटदुखी सुरू झाली. रविवारी दुखत नाही, मेमध्ये दुखलं नाही. सोनोग्राफी झाली, स्वच्छ आहे.

माझ्या तक्रारी मी आता सांगतो. मोजून मापून नाहीत, काही मोठ्या आहेत, काही लहान.

पहिली तक्रार गुणांची. आकारिक मूल्यमापनाची, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाची, आठ साधनं आहेत, आपल्या सगळ्यांना पाठ आहेत: निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर. मुलाप्रमाणे, विषयाप्रमाणे साधन निवडता यावं म्हणूनच ती आठ ठेवली. त्यातल्या तोंडीकामात तरी काय येतं? प्रश्नोत्तरं, प्रकट वाचन, संभाषण, भाषण. संभाषण दोघांत होतं. प्रकट वाचन बाकावर बसून होतं. तोंडीकाम म्हणजे माइक, हे समीकरण कुठून आलं? मनीला ‘श्यामची आई’तला उतारा वाचायला द्या, एकट्या बाई समोर बसू द्या, बाईंनी तिच्याकडे न बघता वही तपासत राहावं. ती वाचेल. हळू वाचेल, पण ‘ळ’ आणि ‘ल’ची गफलत करणार नाही, एवढी हमी मी देतो.

शून्याचं मला एवढं का लागलं, तेही सांगतो. आणखी तीन वर्षांनी ती दहावीला बसेल. भाषेला ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत. आपल्याला आठवत असेल, हे २० गुण एकदा काढून टाकले होते, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ७७.१० वर आला. केवढा गदारोळ झाला! पुढच्या वर्षी गुण परत आले. मीही तेव्हा चौकाचौकात तावातावाने बोलत होतो. त्या साऱ्या चर्चेत टक्के होते, अकरावीचे प्रवेश होते, इतर बोर्डांची मुलं होती. ज्या मुलाच्या तोंडून परीक्षकापुढे शब्दच फुटत नाही, त्याच्या २० गुणांचं काय, हे मी विचारलं नाही. विचारलेलं ऐकलंही नाही.

दुसरी तक्रार दाखल्याची. आम्ही फाइल घेऊन गेलो. पहिला प्रश्न: ‘दिव्यांग प्रमाणपत्र आहे का? चाळीस टक्के?’ नाही. मनीची बुद्धी चाचणीत ७० च्या वर येते, म्हणून बौद्धिक अक्षमतेच्या रकान्यात ती बसत नाही. ‘मग आमचे हात बांधलेले आहेत.’ हात बांधलेले नाहीत, हे मी आदराने सांगू इच्छितो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ४० टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. दिव्यांग व्यक्तीची व्याख्या वेगळी आहे आणि तिच्यात टक्के नाहीत. सरकारी मान्यता असलेल्या शाळेने प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची, हे कलम १६ सांगतं. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार यांच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. लिहिताना त्यांचा हात आखडायचा, त्यांना नागरी सेवा परीक्षेत लेखनिक हवा होता, आणि ४० टक्के नाहीत म्हणून नाकारला होता. न्यायालय म्हणालं, सोय देण्यासाठी ती अट लावता येणार नाही. ज्याचा हात आखडतो त्याला लेखनिक. जिची जीभ आखडते तिला काय?

शिवाय २००९ चा शिक्षण हक्क कायदा आहे. त्याचं कलम २९ सांगतं की मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त राहावं आणि त्याला आपले विचार मोकळेपणाने मांडायला मदत व्हावी. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. आपल्या परिपत्रकाने वाक्याचा दुसरा अर्धा उचलला, पहिला तिथेच ठेवला. कलम १७ मानसिक छळाबद्दल आहे. ते मी बाईंवर उगारणार नाही. त्यांच्या मनात छळ नव्हता, हे मला ठाऊक आहे.

तिसरी तक्रार छोटी. समुपदेशक म्हणून जे आले त्यांनी मनीला दहा मिनिटं पाहिलं, तिने उत्तरं दिली नाहीत, आणि सल्ला लिहिला: मोबाइल कमी करा. तिच्याकडे मोबाइल नाही.

चौथी छोटी नाही. आम्ही विश्वासाने दिलेले रिपोर्ट शिक्षक-खोलीत फिरले आणि एक दिवस वर्गात, मनीच्या देखत, सांगितलं गेलं: ‘हिला जन्मतः आजार आहे, हिला कोणी हसायचं नाही.’ सांगणाऱ्याला वाटलं असेल की आपण तिची बाजू घेतली. त्यानंतर डब्याच्या सुट्टीत तिच्याजवळ बसणारी एकच मुलगी होती, तिच्या आईने विचारलं, ‘हे लागट नाही ना?’ आता तीही मुलगी दुसऱ्या बाकावर बसते.

इथे मला स्वतःबद्दल एक सांगायलाच हवं, नाहीतर हे पत्र ढोंगीपणाचं होईल. १९८६ साली माझ्या आठवीच्या वर्गात तिसऱ्या बाकावर एक मुलगी होती. वर्षभर तिने तोंड उघडलं नाही. कविता म्हणायची पाळी आली की मी तिला उभं करायचो आणि म्हणेपर्यंत उभंच ठेवायचो. तास संपायचा. ‘तुझी जीभ मांजराने नेली का?’ असं मी एकदा म्हणालो, वर्ग हसला, मला बरं वाटलं. नववीला ती आली नाही. तिला काय होतं मला माहीत नाही, फ्रॅजाइल एक्स असेल असंही मी म्हणत नाही, मुलं नाना कारणांनी गप्प होतात. पण तिचा चेहरा मला अजून आठवतो, आणि ३ जानेवारीपासून रोज आठवतो. हे जनुक सापडलं १९९१ मध्ये, त्या मुलीनंतर पाच वर्षांनी. ‘तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं’ ही पळवाट मला आहे. आपल्याला नाही. आपल्या टेबलावर फाइल होती.

आपण म्हणाल, मग काय, तिला बोलायलाच लावायचं नाही? बरोबर इथेच आपली गल्लत होते. आम्हाला सूट नको आहे. टाळत राहिलं की भीती वाढते, हे मनीच्या बालमानसोपचारतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत आम्हाला बजावलं. भीती मोडायची असते ती पायरी पायरीने, आणि पायरी मुलाच्या पायाच्या मापाची हवी. पाचव्या मजल्यावर जायचं म्हणून कोणी मुलाला फेकून पोचवत नाही. प्रथम रिकाम्या वर्गात आईशी बोलायचं. मग दाराबाहेर बाई उभ्या असताना. मग बाई आत, पण पाठमोऱ्या. मग एक मैत्रीण. प्रत्येक पायरीला आठवडे लागतात. सोबत औषध लागलं तर तेही देतात, पण शाळेच्या जागी गोळी चालत नाही.

हे जमतं का? जमतं. आमच्या सहकारनगरच्या कोपऱ्यावर एक दूधवाले आहेत. मनी सकाळी चिठ्ठी घेऊन जायची, चिठ्ठी काउंटरवर ठेवायची, मान खाली. ते गृहस्थ फार शिकलेले नाहीत. त्यांनी एकदाही ‘नाव काय बाळ?’ विचारलं नाही. पिशवी ठेवायचे, सुट्टे पैसे ठेवायचे, ‘आज गरमी आहे’ असं हवेला सांगायचे. काही महिन्यांनी चिठ्ठी बंद झाली, ती गेली की पिशवी तयार. असं दीड वर्ष चाललं. आणि एका सकाळी ती म्हणाली, ‘काका, ही पिशवी गळते.’ त्यांनी बदलून दिली. संध्याकाळी मला रस्त्यात गाठून त्यांनी ही बातमी सांगितली, जणू मुलगी मॅट्रिक झाली! तिने परक्या माणसाला म्हटलेलं पहिलं वाक्य तक्रारीचं होतं, याचा मला पुणेकर म्हणून अभिमान आहे.

तर मागण्या अशा.

१. परिपत्रकातली ‘सूट नाही’ ही ओळ काढावी. तिच्या जागी पर्याय लिहावेत: घरून आवाज टिपून आणणं, एकट्या शिक्षकांसमोर बोलणं, मैत्रिणीबरोबर जोडीने, बाकावरून वाचून. हे पर्याय सगळ्या मुलांना खुले असावेत. त्यासाठी दाखला मागू नये आणि आजार विचारू नये. मनीसारख्या गुणसूत्राच्या मुली थोड्या असतील. तोतरी मुलं, नुकतीच गावाहून आलेली मुलं, ज्यांच्या घरी मराठी वेगळी बोलतात ती मुलं, ही थोडी नाहीत.

२. सहावीच्या प्रगतिपत्रकातला ‘मुद्दाम’ हा शब्द खोडावा. जे दिसलं ते लिहावं: ‘मंचावर बोलली नाही.’ मनात काय होतं ते लिहू नये, ते आपल्याला दिसत नाही. तोंडीकाम पुन्हा, वेगळ्या रीतीने घ्यावं आणि जे गुण पडतील ते द्यावेत. दोन पडले तरी चालतील.

३. या वर्षासाठी तिच्या पायऱ्यांचा आराखडा कागदावर करावा. एक शिक्षक नेमावेत, तेच वर्षभर राहावेत. माणूस बदलला की या मुलींना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

४. मुलाचे वैद्यकीय कागद कुलपात राहावेत. पालकांच्या लेखी परवानगीशिवाय वर्गात, सभेत, शिक्षक-खोलीत एक शब्द निघू नये.

५. शिक्षकांसाठी दोन तासांचं एक सत्र ठेवावं: निवडक मौन (घरी बोलणं आणि बाहेर वाचा बसणं) म्हणजे काय, भीतीचं हसू कसं ओळखायचं, आणि सलग काही महिने शाळेत न बोलणाऱ्या मुलीबद्दल पालकांना केव्हा बोलवायचं. ‘शांत, समंजस’ ही नोंद तीन वर्षं लागोपाठ लिहिली जात असेल तर लिहिणाऱ्याने एकदा पेन थांबवावं. पुण्यात या विषयाच्या जाणकारांची वानवा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून हे शहर व्याख्यानं ऐकतं आहे, आणखी एक ऐकेल.

६. त्या बाईंनी माफी मागावी असं मी म्हणत नाही. सगळ्यांसमोर तर नकोच, मनीला तो दुसरा मंच वाटेल. एवढंच करावं: रोज सकाळी फाटकापाशी ‘आलीस का गं’ म्हणावं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जावं. रोज.

उत्तर मला पाठवलं नाही तरी चालेल, परिपत्रक बदललं की ते मनीच्या दप्तरातून घरी येईलच. पहिली फेरी ऑगस्टमध्ये आहे, तेवढी तारीख लक्षात असू द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक
सहकारनगर, पुणे

ता. क. : टाइप झालेलं पत्र मनीने गच्चीत बसून वाचलं. दूधवाल्यांचा मजकूर ठेवायला तिची हरकत नाही, ३ जानेवारीचाही ठेवा म्हणाली. एकच चूक दाखवली: ‘आबा, कात्रजनंतर भारती विद्यापीठ राहिलं.’